तीर्थपुरीची एक भगिनी

तमाम लोकांस या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, जालना शहरातून निघणाऱ्या एका चार पानी साप्ताहिकात 'एक भगिनी, तीर्थपुरी' अशा सहीने, दोन स्त्रियांनी एकमेकींशी लग्न करण्याची बाजू घेणारे जे पत्र प्रसिद्ध झाले, ती भगिनी प्रत्यक्षात मिशा राखलेला, सडाफटिंग, सव्वीस वर्षांचा पुरुष होती आणि तो पुरुष मी होतो. तसेच त्या भगिनीला सणसणीत उत्तर देणारा 'एक संस्कृतिप्रेमी, राजूर' हाही मीच होतो. याबाबत कोणाची हरकत असल्यास ती नोंदविण्याची मुदत केव्हाच संपली आहे.

नोटीस अशी लिहायची असते, हे मी त्याच साप्ताहिकात शिकलो. जालना जिल्हा होऊन तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती आणि आमचा पेपर जाहीर नोटिसा, नावातले बदल आणि बियाण्यांच्या जाहिराती यांवर जगत होता. मालक आमचे शेठजी. चार पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं घराणं, छापखाना त्यांचा, पेपरही त्यांचाच. उरलेला पेपर म्हणजे मी. बातम्या मी लिहायचो, राशिभविष्य मी लिहायचो आणि 'वाचकांची पत्रे'ही मीच लिहायचो, कारण वाचक पत्रं लिहीत नसत. भिंतीवर एसटीचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्यातलं एखादं गाव उचलायचं, 'एक त्रस्त नागरिक' असं खाली टाकायचं आणि नळाला पाणी नाही म्हणून रडायचं. कोणत्याही गावात ते खरंच निघायचं.

एकदा जागा उरली म्हणून मी चार ओळींची बातमी घातली. दुसऱ्या कुठल्याशा राज्यात दोन बायकांनी देवळात एकमेकींना हार घातले, एवढीच. मंगळवारी पेपर निघाला आणि बुधवारी चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय नव्हता.

शेठजी खुशीत आले. "लोकांची पत्रं टाका यावर."

"आली नाहीत, शेठजी."

"तर मंगवा ना!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं.

विरोधातलं पत्र अर्ध्या तासात झालं. वंश बुडेल, कन्यादान कोण कोणाला करणार, हळद कोणाची उष्टी कोणाला लावायची, आज हे तर उद्या काय. शब्द आपोआप येत होते, दुसऱ्याच कोणाचे तरी असल्यासारखे. बाजूने लिहिताना मात्र अडलो. माझं या विषयावर काही मत नव्हतं. मग मला माझ्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन आठवलं. त्यांना दवाखान्यात आणलं होतं त्यांच्या लहानपणापासूनच्या मित्राने. पण डॉक्टर म्हणाले, सही नातेवाईकाची लागेल. काकू गावाहून एसटीने येईपर्यंत काका कण्हत पडले आणि मित्र दाराशी उभा. तेवढं मी भगिनीच्या तोंडी घातलं: 'बारा वर्षं एका चुलीवर भाकरी केलेल्या दोघींपैकी एक आजारी पडली, तर ऑपरेशनच्या कागदावर दुसरीला सही करता येत नाही. बारा वर्षं तोंड न दाखवलेल्या भावाला मात्र करता येते. मूल झालं नाही म्हणून कोणाचं लग्न रद्द झाल्याचं आपण ऐकलं आहे काय? साठीतला विधुर पुन्हा बोहल्यावर चढतो, त्याला वंशाचं कोण विचारतं?'

लिहून झाल्यावर मला स्वतःचाच थोडा संशय आला. पत्र जरा जास्तच पटत होतं.

चार अंक हा वाद चालला आणि मग पेपरच्या इतिहासात प्रथमच खरी पत्रं आली. ती सगळी एकच विचारत होती: ही भगिनी कोण? राजूरचा संस्कृतिप्रेमी कोण, हे कोणीच विचारलं नाही. विरोध करणाऱ्याला विरोधाचं कारण लागत नसावं. बाजू घेणाऱ्याचं मात्र काहीतरी असणार, असं सगळ्यांचं मत.

पाचव्या आठवड्यात भर दुपारी दोन बायका कचेरीत आल्या. एक चाळिशीची, मनगटावर मोठ्या डायलचं घड्याळ, हातात छत्री. ती तीर्थपुरीच्या दवाखान्यातली सिस्टर. दुसरी किरकोळ, तिथल्याच शाळेतली बाई. बाईंनी पर्समधून कात्रण काढून टेबलावर ठेवलं.

"हे पत्र कोणी पाठवलं?" सिस्टरांनी विचारलं.

"पत्रलेखकाचं नाव गुप्त ठेवावं लागतं," मी रुबाबात म्हणालो.

"ठिवा. आमचं मात्र काही गुप्त राह्यलं न्हाई."

मग त्यांनी सांगितलं ते असं. गावाने शोध लावला होता, आणि तोही पोलिसांना लाजवेल असा. लिहिणारी बाई आहे, म्हणजे निम्मं गाव सुटलं. तिला असं लिहिता येतं, म्हणजे बहुतेक सगळं गाव सुटलं. तिला ऑपरेशनच्या कागदांची माहिती आहे, म्हणजे दवाखान्यातली. दवाखान्यात बाई एकच, सिस्टर. आणि सिस्टर राहतात बाईंबरोबर, एकाच घरमालकाच्या घरातल्या दोन खोल्यांत.

"आम्हाला तिथं बारावं वर्ष चालू हाय," बाई खाली बघत म्हणाल्या.

बारा हा आकडा मी केवळ कानाला बरा वाटतो म्हणून घातला होता.

घरमालकाने खोल्या खाली करायला सांगितलं होतं. रविवारी चार माणसं बसून निकाल देणार होती. तिथून निघाल्या तर त्या गावात दुसरं कोणी जागा देणार नव्हतं. दोघींच्या बदलीचा अर्जही कोणीतरी परस्पर पाठवला होता. "एकीला भोकरदनकडं टाकतील, एकीला परतूरकडं, जिल्ह्याच्या दोन टोकांना," सिस्टर म्हणाल्या. "मंग झालं."

"पण तुम्ही दोघी... म्हणजे..." मी तोंड उघडलं.

"तुम्ही पन इचारून राह्यले?"

मी तोंड मिटलं. त्या प्रश्नापुरतं ते आजतागायत मिटलेलं आहे.

"ती भगिनी मी आहे," मी म्हणालो. सिस्टरांनी माझ्या मिशांकडे पाहिलं. त्यांचा विश्वास बसेना. मी कोणाला तरी पाठीशी घालतोय, असं त्यांना वाटलं. शेवटी कच्चा मसुदा काढून दाखवला. बाईंनी तो परीक्षेचा पेपर तपासावा तसा तपासला आणि म्हणाल्या, "हौ, यांचंच हाय. दोन चुका पन हायत."

शेठजींना म्हटलं, खुलासा छापू. ते उडालेच. "बिलकुल न्हाई! लोकं म्हणतील, मागचं पण सगळं खोटंच होतं."

"मागचं सगळं खोटंच होतं, शेठजी."

"म्हणून तर!"

तेव्हा रविवारी अंबडच्या एसटीने मी स्वतःच तीर्थपुरीला गेलो. खिशात दोन्ही मसुदे. घरमालकाच्या अंगणात वीसेक माणसं बसली होती. सिस्टर आणि बाई ओट्याच्या कडेला. घरमालक म्हणजे पांढऱ्या स्वच्छ धोतरातला साठीचा गृहस्थ, आणि त्याच्या हातात संस्कृतिप्रेमीच्या पत्राचं कात्रण, घड्या पडून पडून चिरलेलं.

मी उभा राहिलो आणि कबुली दिली. नाटकातल्यासारखी दिली, ती सवय आहे. हात जोडले, आवाज जड केला, "गुन्हेगार तुमच्यासमोर उभा आहे" असंही म्हणालो. कोणावर काही परिणाम झाला नाही.

"सिस्टर तुमची कोन लागती?" एकाने विचारलं.

"कोणी नाही."

"मंग फुकट आले का एवढ्या लांब?" दुसरा म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या. मी फुकट आलो, यापेक्षा संशयास्पद काहीच नव्हतं.

मी मसुदा दिला. तो हातोहात फिरला. एकाने उन्हात धरून पाहिला. शेवटी पटलं. मग मागून कोणीतरी विचारलं, "आन् राजूरचा तो संस्कृतिप्रेमी?"

"तोही मीच."

आता मात्र अंगण हादरलं. भगिनी खोटी निघाली, याचं कोणाला काही वाटलं नव्हतं. संस्कृतिप्रेमी खोटा, हे झेपेना. घरमालकाचा चेहरा पडला.

"म्या चतुर्थीला राजूरला गेल्तो," तो हळूच म्हणाला. "शाल-नारळ घेऊन. गणपतीपुढच्या प्रत्येक प्रसादाच्या दुकानात इचारलं, संस्कृतिप्रेमी कुठं राहत्यात म्हून."

"मंग? काय म्हणले ते?"

"एक म्हणला, मी बी हाय. त्यालाच दिली शाल."

लोक खो-खो हसले. मला हसू आवरत नव्हतं आणि लाजही आवरत नव्हती. मग हसता हसता भांडण लागलं, आणि ते खरं भांडण होतं, कारण आता पत्राखाली कोणाची सही नव्हती.

"लिहिनारा कोनी बी आसू दे," एक शेतकरी म्हणाला. "सहीचं म्हनतो ते बराबर हाय का न्हाई? माझ्या भावानं धा वर्षं बांधावर पाय न्हाई ठिवला. उद्या माझ्या आपरेशनाला सही त्याची?"

"आरं पन लेकरं? लग्न म्हनलं की लेकरं आली!"

"तुझ्या चुलत्याला कुठं हायत? त्याचं लग्न मोडायचं का मंग?"

"त्याची गोष्ट येगळी. त्यानं लई देव केले, नवस केले."

"देव केले म्हून लग्न पक्कं आन् लेकरं न्हाई ते चालतंय? तुझं तूच बघ काय बोलून राह्यला!"

घरमालकाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हे बघा. पत्र ह्या दोघींनी लिहिलं न्हाई, मान्य. पन संशय तं आला ना? एकदा संशय आला म्हनल्यावर तसला भाडेकरू घरात ठिवायचा कसा?"

आणि काय सांगू, सगळ्यांना ते पटलं. संशय मी पेरला होता, तो खोटा होता हेही मीच सिद्ध केलं होतं, पण आता तो माझ्याविना स्वतःच्या पायावर उभा राहिला होता. माझी कबुली, माझे मसुदे, माझे जोडलेले हात, सगळं वाया गेलं.

सिस्टर उभ्या राहिल्या. छत्री त्यांनी काठीसारखी टेकवली. "कोनाला काय इचारायचं आसंल ते सरळ मला इचारा."

वीस माणसं बसली होती. एकानेही विचारलं नाही. जो तो आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. बदलीचा कागद जणू त्याच मुठीत होता.

तेवढ्यात घरमालकाची बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. ठेंगणी, डोक्यावर पदर, तोवर मी तिचा आवाजही ऐकला नव्हता. गावानेही फारसा ऐकला नसावा. तिने ट्रे नवऱ्यापुढे धरला आणि तसाच धरून ठेवला. त्याने कप उचलायला हात पुढे केला, तेव्हा तो ट्रे तिने मागे घेतला. खोल्यांचा निकाल त्या क्षणी लागला. बदलीचा अर्जही कुठल्याशा फायलीत पडून राहिला आणि सिस्टर आणि बाई पुढे कित्येक वर्षं तिथेच राहिल्या. तो निकाल माझ्या पत्रांनी लागला नाही, पंचांनीही दिला नाही. तिने तो दिला, भर अंगणात, वीस पुरुषांच्या देखत, आणि दिल्याबरोबर आपण काय बोललो या भीतीने पदर तोंडाला लावला:

"कोनाला काढायचंच आसंल तं आपुन दोघं निघू, अख्ख्या घरात एक जोडी बराबर नांदून राह्यली, तिला काहून हाकलता!"