पखालीचं पाणी

आमच्या घरात सुट्टी म्हणजे कोर्टाची सुट्टी. हे बेळगावात वकील, त्यामुळं फिरायला निघायचं ते भर मे महिन्यात, मग जायचं कुठंही असो. त्या वर्षी सासूबाईंना पुष्करचं स्नान हवं होतं आणि ह्यांना त्याच्या पुढचा मारवाड बघायचा होता. मला पाचवा महिना लागलेला. मला काय हवं हे कुणी विचारलं न्हाय. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट ही, सुनेला विचारायची रीतच नव्हती.

पुष्कर उरकलं आणि वाळूतनं रखडत जाणाऱ्या गाडीनं आम्ही एका राजाच्या गावाला गेलतो. पाय ठेवला तिथंच माझं मन विटलं. दातात वाळू, केसात वाळू, भाताच्या घासात वाळू. वरनं सासूबाईंचं सोवळं! त्या मुलखात पाणी चामड्याच्या पखालीतनं घरोघर घालतात, हे कळल्यावर त्यांनी फर्मान काढलं, बाहेरचा थेंब तोंडात घ्यायचा न्हाय. धर्मशाळेच्या आडातनं आपल्या बादलीनं शेंदलेलं तेवढं चालेल. सकाळी दोन तांबे भरून घेतले. एक सासूबाईंचा सोवळ्यातला, दुसरा आम्हा दोघांत.

आधी बाग बघितली. बाग कसली, कर्म माझं! धुरळा बसलेलं मेंदीचं कुंपण, चार करपलेले गुलाब, आणि एक माणूस पखालीनं त्यांच्या मुळाशी पाणी घालत होता. ह्यांच्या हातात प्रवासाचं पुस्तक, त्यातनं वाचून राजाच्या हौसेचं कौतुक सांगत होते. आमच्याकडं उकिरड्यावर सुद्धा याच्याहून हिरवं उगवतं.

मग अजबखाना. पेंढा भरलेला वाघ, त्याच्या पोटाची शिवण उसवलेली, एक डोळा गायब. कुबट वासानं मी पदर नाकाला लावला. एका बरणीत दोन तोंडांचं वासरू पिवळ्या पाण्यात बुडवून ठेवलेलं. शी, शी, शी! पोटुशी बाईला दाखवायची वस्तू का ही? आणि तरी त्या पिवळ्या पाण्याकडं बघून माझा घसा हलला. इतकी तहान लागलेली.

किल्ल्याची वाट चढताना ह्यांनी आमचा तांब्या रिकामा केला. मला विचारलं सुद्धा न्हाय. एव्हाना एक गोष्ट माझ्या ध्यानात आलती. रोज सकाळी पोटात चुळबुळ व्हायची, आज काहीच हललं नव्हतं.

खाली दरवाजाशी गोटीच्या सोड्याची गाडी होती. "सोड्याला सोवळं-ओवळं नसतं, आई," असं म्हणत ह्यांनी दोन बाटल्या रिचवल्या. मी हात पुढं केला तर सासूबाई म्हणाल्या, "बायामाणसांनी भर रस्त्यात बाटली तोंडाला लावायची? बरं दिसतं का गं?"

"मग तुमच्या तांब्यातलं घोटभर द्या आत्याबाई. सकाळपासनं पोटातलं हललं न्हाय."

"तो सोवळ्यातला आहे. थोडा धीर धर. आम्ही काय पोरं काढली न्हाईत?"

मला त्या दोघांची अशी किळस आली म्हणून सांगू! वाघापरीस जास्त.

पुढं जुन्या पेठेतनं निघालो. ह्यांची मान वर, कोरीव सज्जे बघत. माझी मान खाली, कारण उघड्या गटारातनं आणि उंटांच्या लेंड्यातनं पाय ठेवायला जागा शोधत होते. पेठेच्या टोकाला गवताच्या छपराखाली एक म्हातारी वाटसरूंना पाणी पाजत बसलेली. पाठीमागं पखाल टांगलेली होती, ठिबकत होती. मी कुणाकडं बघितलं न्हाय. जाऊन ओंजळ धरली. पाण्याला चामड्याचा उग्र वास. पहिला घोट उलटून येतो की काय असं वाटलं, तरी गिळला. म्हातारी ओतत राहिली, मी पीत राहिले. उठताना पोटात चुळबुळ झाली आणि मी तिथंच रडले.

सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "बाटवलंस गं घर!" आणि सोडा ढोसलेले आमचे वकीलसाहेब म्हणतात कसे, "निदान मला विचारायचं तरी." तोंड वर करून म्हणतात!

परतीच्या सगळ्या वाटेवर माझं ताट वेगळं, माझ्या हातचं कुणी खाल्लं न्हाय. बेळगावात भटजींनी पंचगव्य दिलं आणि डोक्यावरनं वाहत्या पाण्याची आंघोळ सांगितली. तोवर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं न्हाय. घरचा आड उन्हाळ्यानं तळाला गेलेला, म्हणून सासूबाई मला खासबागेपलीकडच्या आमच्या मळ्यात घेऊन गेल्या. गडी मोट मारत होता. मोटेचं पाणी जिथं पडतं त्या थारोळ्यात मला बसवलं. बैल उतारानं निघाले, मोट वर आली आणि पाणी धो धो डोक्यावर आदळलं. मी डोळे पुसून वर बघितलं. जाडजूड, तेल पाजलेलं काळं चामडं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "ही मोट कशाची हो?"

सासूबाई मोटेकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तोंड मीट. पाणी जाईल तोंडात."

दुसरी मोट वर आली. मी मान वर केली, आ वासला आणि पोट भरेपर्यंत प्याले. वास तोच होता.