बाकावर बसलेले आबा

त्या कलामेळ्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा तो मुंबईतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये भरला होता. ज्यांच्यामागे कुठलीही गॅलरी नाही अशा नव्या चित्रकारांनी आपापली चित्रं आणायची, स्वतः टांगायची आणि दिवसभर स्वतः शेजारी उभं राहायचं, एवढीच त्यामागची कल्पना. हॉलभर मिळून हातोडी एकच होती. मेळा भरवणाऱ्या बाई ती हातात घेऊन टेबलाटेबलांपाशी फिरत होत्या आणि प्रत्येकाला नावाने हाक मारत होत्या. नेपाळहून एक मुलगी आली होती. तिच्या भरवशावर पत्रिकेत 'आंतरराष्ट्रीय' असा शब्द छापला होता आणि दुपारी जेवताना आम्ही सगळे त्या शब्दावर हसलो होतो. ती मुलगीही हसली होती.

जळगावात मात्र त्या शब्दाला कुणी हसलं नाही. मी पिंप्राळ्यात राहते आणि एका शाळेत चित्रकला शिकवते. हेडसरांनी प्रार्थनेच्या वेळी माईकवरून सांगितलं की आपल्या बाई आंतरराष्ट्रीय चित्रकार झाल्या. कॉलनीच्या गणपतीत माझा सत्कार झाला. शाल अंगावर घेऊन मी खुर्चीत बसले होते आणि कुणी विचारलं, किती देशांचे लोक आले होते, तर मी म्हणाले, होते बरेच. माझं एकही चित्र विकलं गेलं नव्हतं. नवऱ्याला ते माहीत होतं. तो पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. मी त्याच्याकडे न बघता समोरच्या फुलांच्या ताटाकडे बघत राहिले.

पुढे गंमत अशी झाली की मी काही न करता माझं खोटं खरं होत गेलं. मेळा वाढला. शाळेच्या हॉलमधून तो एका मैदानातल्या मांडवात गेला, मांडवातून मोठ्या वातानुकूलित प्रदर्शन केंद्रात. कोरिया, ब्राझील, इराण अशा देशांतून चित्रकार यायला लागले. भिंतींवर कंपन्यांची नावं आली, गळ्यात घालायचे पास आले, पत्रकारांसाठी वेगळी खोली आली. आधी पत्र पाठवलं की जागा मिळायची, आता निवड समिती बसायला लागली. मग बातमी आली की हाच मेळा दुबईतही भरणार आहे आणि त्यानंतर युरोपात. भरवणाऱ्या बाईंच्या कानात आता बारीक यंत्र असायचं आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना तरुण मुलं चालायची. मी दिसले की थांबायच्या, हसून विचारायच्या, "जळगाव ना?" माझं नाव त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. एवढ्या लोकांत राहणारही नाही. तरी दर वेळी मी "हो, हो" म्हणताना गरजेपेक्षा जास्त हसायचे आणि त्या पुढे गेल्यावर ते हसू चेहऱ्यावरून काढायला मला वेळ लागायचा.

मेळा जसा मोठा झाला तशी मी त्यात मागे सरकत गेले. पहिल्या वर्षी दारासमोर होते. अलीकडे शेवटच्या गल्लीत, स्वच्छतागृहाच्या वळणावर. लोक तिथून घाईने जायचे आणि परत येताना हात पुसत पुसत माझ्या चित्रांकडे बघायचे.

मी चित्रं काढते ती बसस्टँडवरच्या माणसांची. सासर धुळ्याचं, देवपूरचं. जळगाव ते धुळे अशा फेऱ्यांत स्टँडवर जो वेळ जातो त्यात ही चित्रं सुरू झाली. पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, बस लागली का म्हणून मान वर करून बघणारी, पेंगणारी माणसं. एका वर्षी निवड समितीकडून निरोप आला की नुसती चित्रं आता पुरत नाहीत, जागा व्यापेल असं काही आणा. मी नशिराबादच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडून जुना बाक घेतला, लोखंडी पायांचा, लाकडी पट्ट्यांचा. त्याच्या पाठीवर आणि बसायच्या जागेवर मी माणसं बसून गेल्याच्या सावल्या रंगवल्या. पाठींचे डाग, मांड्यांचे डाग. मागे चित्रं आणि पुढे हा रिकामा बाक. तो निवडला गेला. मेळ्यातल्या मुलांनी त्याच्यापुढे इंग्रजीत एक छोटी पाटी ठेवली, कृपया स्पर्श करू नका अशी.

त्या वर्षी आबा म्हणाले, मी येतो.

आबा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, आता देवपूरच्या घरी माझ्या दिरांकडे असतात. सासूबाई गेल्यावर संध्याकाळी पांझरा नदीच्या काठावर त्यांच्या वयाच्या चार-पाच जणांबरोबर बसणं एवढाच त्यांचा कार्यक्रम. माझ्याबद्दल ते तिथे काय काय सांगतात ते माझ्या कानावर यायचं आणि मला धुळ्याला जायची लाज वाटायची. तिकडे वर्तमानपत्रात मेळ्याचा फोटो आला की ते त्यात मला शोधायचे. मी नसायचेच. मग म्हणायचे, गर्दी फार असते, फोटोवाल्याला एकेकाला कसं घेता येईल.

मी त्यांना टाळायचा प्रयत्न केला. चालावं फार लागतं, तिथे जेवण आपल्यासारखं नसतं, असं सांगून पाहिलं. त्यांना वाटलं, सून काळजी करते. आले. पांढरा शर्ट-पायजमा, टोपी, हातात कापडी पिशवी. दारावरच्या मुलीने त्यांच्या गळ्यात पास घातला तेव्हा हार घालून घ्यावा तशी त्यांनी मान पुढे केली.

सकाळभर ते एकटेच सगळा मेळा फिरले. मी माझ्या जागेवर. दुपारी परत आले तेव्हा दमले होते. माझी जागा कुठे आहे ते त्यांनी बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं आणि एवढंच म्हणाले की इथे थंडावा चांगला आहे. मी म्हणाले, तुम्ही थांबा, मी चहा घेऊन येते. चहाची रांग दुसऱ्या टोकाला होती आणि लांब होती.

परत आले तर माझ्या चित्रांसमोर गर्दी होती. इतक्या वर्षांत मी माझ्यापुढे तशी गर्दी बघितली नव्हती. क्षणभर मला फक्त आनंद झाला. खरंच, दोन्ही हातांत चहाचे पेले धरून मी गर्दीच्या मागे उभी राहिले आणि मला वाटलं, शेवटी झालं.

मग गर्दीतून बाक दिसला. बाकावर आबा बसले होते. पिशवी मांडीवर, टोपी थोडी पुढे आलेली, डोळे मिटलेले. त्यांना इंग्रजी पाटी वाचता येत नव्हती आणि येत असती तरी बाकावर बसू नये असा तिचा अर्थ आहे हे त्यांच्या मनात आलं नसतं. मागे माझ्या चित्रांतली तशीच टोपीवाली, तशीच पिशवीवाली माणसं. लोक फोटो काढत होते. एक जण खाली गुडघ्यावर बसून त्यांच्या पायांचा फोटो काढत होता. एक परदेशी बाई दबक्या आवाजात शेजारच्याला म्हणाली, कातडी किती हुबेहूब केली आहे. ती पुढे वाकली आणि तिने एका बोटाने त्यांच्या मनगटाला हात लावला.

आबांनी डोळे उघडले. गर्दी एकदम मागे सरली, कुणीतरी हसलं. आबांनी समोर एवढी माणसं बघितली आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. आता लोकांना वाटलं की हा पुतळा नाही, हा प्रयोगच आहे. त्यांनीही हात जोडले. एकेक जण पुढे येऊन नमस्कार करायला लागला आणि आबा प्रत्येकाला उत्तर देत राहिले, मान लववून, नीट, देवपूरच्या लग्नात दाराशी उभे राहून देतात तसं.

मी दोन्ही पेले एका हातात घेऊन पुढे झाले. म्हणाले, "आबा, चला, बाहेर बसून चहा घेऊ." ते उठायला लागले. त्यांचा हात धरून मी त्यांना उभं केलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रयोग संपला असं त्यांना वाटलं. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "थँक यू."

तो शब्द मला अजून ऐकू येतो. सवयीचा होता, आपोआप आला, हे सगळं माझं स्वतःला सांगून झालं आहे.

बाहेर पायऱ्यांवर बसून आम्ही चहा घेतला. आबा खूश होते. लोक किती चांगले आहेत, म्हणाले, इतके शिकलेले, इतके मोठे, पण म्हाताऱ्या माणसाला कसा मान देतात. मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी बिस्किटाचा पुडा फोडून त्यांच्यापुढे धरला. आत आलो तेव्हा बाक रिकामा होता आणि समोर कुणी नव्हतं.

आबा धुळ्याला गेले आणि त्यांनी पांझरेच्या काठावर सगळं सांगितलं. सुनेच्या चित्रांना तिकडे एवढा मान आहे की सासऱ्यालाही लोक रांग लावून नमस्कार करतात. पुढे काय झालं ते मला माझ्या दिरांनी फोनवर सांगितलं. त्या गर्दीतल्या कुणीतरी केलेला व्हिडिओ फिरत फिरत धुळ्यापर्यंत आला. काठावर बसणाऱ्यांपैकी एकाचा नातू कॉलेजात आहे. त्याने त्यात आबांना ओळखलं आणि त्यांच्या देखत खालचा इंग्रजी मजकूर सगळ्यांना मराठीत वाचून दाखवला. पोराच्या मनात वाईट काही नव्हतं. मजकूर असा होता की हा खेडूत म्हाताऱ्याचा पुतळा इतका खरा वाटतो की तो हललाच. एकाने विषय बदलला म्हणे. दुसऱ्या दिवसापासून आबा काठावर गेले नाहीत.

त्याच आठवड्यात मेळ्याकडून मला निरोप आला. युरोपातल्या मेळ्यासाठी माझं काम घ्यायचं आहे, बाक आणि त्यावरचे वृद्ध गृहस्थ, दोन्ही. त्यांचा प्रवास, राहणं, सगळं बघितलं जाईल. इतकी वर्षं मी ज्या निरोपाची वाट बघत होते तो असा आला. मी कुणालाच दाखवला नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी बस धरली आणि देवपूरला गेले.

आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी पाया पडले. त्यांनी नेहमीसारखी नातवंडांची चौकशी केली. मग अहिराणीत विचारलं, "तुले माहीत व्हतं?"

मी म्हणाले, "हो आबा. तिथंच कळलं होतं."

"मंग माले का बरं सांगं नही?"

तुम्ही खूश होता म्हणून, असं म्हणणार होते, पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं की मला माझ्यासमोरची गर्दी आठवत होती.

आबा अंगणाकडे बघत म्हणाले, "माले वाटनं, तुन्हा चित्रेस्ले मान शे, म्हनीसन माले बी मान भेटी ऱ्हायना." आपल्याला मिळतोय तो मान माझ्या चित्रांमुळे, असं त्यांना वाटलं होतं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी थकी गयथू, म्हनीसन बसनू बेटा. बाकी काही नही."

त्यांना वाटत होतं की चूक त्यांची झाली. बसायला नको होतं तिथे बसले आणि सुनेचं काम बिघडवलं. ते माफी मागत होते. हे लक्षात आलं तेव्हा मला त्या अंगणातून उठून जावंसं वाटलं. मी गेले नाही. त्यांना सांगितलं, बाक बसायलाच असतो आबा, चुकलं ते माझं. त्यांना ते पटलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी आत आवाज देऊन माझ्यासाठी पाणी मागवलं.

युरोपच्या निरोपाबद्दलही मी त्यांना सांगितलं, कारण आता काही लपवायचं नव्हतं. तिथे जाऊन काय करायचं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, बसायचं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

मेळ्याला मी कळवलं की ते माझे सासरे आहेत, ते दमून बसले होते आणि ते येणार नाहीत. लगेच उत्तर आलं. हे तर आणखी सुंदर आहे, ही गोष्ट आम्हाला वापरता येईल का, असं विचारलं होतं. मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षी मी फक्त चित्रं पाठवली, ती निवडली गेली नाहीत. समितीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आता तो मेळा आणखी मोठा झाला आहे. तिथून पुढे गेलेल्या दोन-तीन तरुण मुलामुलींची कामं मी फोनवर बघते आणि ती खरोखर चांगली आहेत.

आबा काही आठवड्यांनी पुन्हा काठावर जायला लागले. तिथे आता माझ्याविषयी काही सांगत नाहीत, असं दीर म्हणतात.

मी स्टँडवर अजून काढते. फक्त आता आधी विचारते. परवा धुळ्याच्या स्टँडवर एक बाई बसल्या होत्या, बहुतेक साक्रीकडच्या, शेजारी कांद्याच्या रोपांची जुडी. मी त्यांना विचारलं, तुमचं चित्र काढू का. त्यांनी विचारलं, काढून काय करशील. मी म्हणाले, माहीत नाही अजून. त्या म्हणाल्या, राहू दे. मी वही पिशवीत ठेवली आणि त्यांच्या शेजारी जागा होती तिथे बसले. जळगावची बस उशिरा आली.