घरच्या गोलकीपरला सहाच

आठ टीमांच्या जिल्हा लीगमध्ये नाताळाच्या तोंडावर आमची टीम पाचवी होती. हे सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही, कारण गेल्या वर्षी त्याच सुमाराला आम्ही सातवे होतो. टीम मुलींची, नाव भिंगार स्ट्रायकर्स. सात सामन्यांत चार गोल करणाऱ्या टीमने स्वतःला स्ट्रायकर्स म्हणवून घ्यावं का, हे मला विचारू नका, शमुवेलला विचारा. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं आणि समोरच्याचा चहा गार होईपर्यंत तो ते देत राहतो.

शमुवेल उजागरे म्हणजे या टीमचा पहिला चाहता. दुसरा मी, गोरक्ष. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता, मी एसटीत कंडक्टर. दोघंही रिटायर झालोय आणि दोघांच्याही घरी आमच्या बडबडीला गिऱ्हाईक नाही, म्हणून आम्ही मैदानावर जातो. सिमेंटच्या पायऱ्यांवर मधोमध आमची जागा ठरलेली. माझं डोकं लवकर तापतं, म्हणून मी शिव्या घालतो. तो सल्ले देतो. रेफ्री दोघांचंही ऐकत नाही.

डिसेंबरात पहिली फेरी संपली. दोन विजय, तीन बरोबरी, दोन पराभव. शमुवेलचं निदान तयारच होतं.

"मधली फळी झ्याक हाय," तो म्हणाला. "ज्ञानेश्वरी पास देती तो पत्ता लिहून पाठवल्यासारखा. पन पुढं घ्यायला घरी कुनी नसतं, त्याला कोन काय करनार?"

हे बोलणं आमच्या सेंटर फॉरवर्ड स्नेहलबद्दल होतं. पोरगी वाऱ्यासारखी पळते, पण गोल समोर दिसला की तिला काय होतं कोण जाणे. मैदानाबाहेरच्या बाभळीत या हंगामात तिने जितके बॉल घातलेत, त्यांच्या चौथ्या हिश्श्याइतके जरी जाळ्यात घातले असते तर आम्ही दुसरे असतो.

शेवटच्या दोन टीम खालच्या गटात जातात आणि आम्ही त्यांच्यापेक्षा जेमतेम तीन गुणांनी वर होतो. तेवढेही होतो ते एकाच कारणाने. सात सामन्यांत आम्ही पाचच गोल खाल्ले. राहुरीविरुद्ध शेवटच्या मिनिटाला पेनल्टी अडली नसती तर आतापर्यंत आमची वरात निघाली असती. ती अडवणारी आराधना, शमुवेलची मुलगी. अंगाने काडी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, बोलते कमी. तिच्याबद्दल मात्र शमुवेल चकार शब्द काढायचा नाही. मी "काय अडवला रे!" म्हणून ओरडलो की तो "हूं" म्हणायचा.

दरवर्षी नाताळच्या आठवड्यात सगळी टीम शमुवेलच्या अंगणात फराळाला जमते. एलिझाबेथवहिनींच्या करंज्या, चकल्या आणि केक संपत आले की शमुवेल उभा राहतो आणि प्रत्येकीला दहापैकी गुण देतो. टीमची कोच राजेश्वरी वर्षभर घसा फोडून जे सांगते ते या पोरी एका कानाने ऐकतात, पण शमुवेलचे गुण सगळ्यांच्या तोंडपाठ असतात. आराधनाला मात्र सलग दोन वर्षं सहाच मिळाले होते.

मला वाटायचं, ही वजनकाट्यावरची सवय आहे. सख्ख्या मेव्हण्याची उसाची गाडी आली की शमुवेल ती दोनदा वजनाला लावायचा आणि चार लोकांसमोर पाचटाचं वजनही जास्त कापायचा, कुणी बोट दाखवायला नको म्हणून. मेव्हणा एक अख्खा हंगाम त्याच्याशी बोलत नव्हता. लेकीचंही तसंच चाललंय असं मी धरून चाललो होतो.

या वर्षी मी फराळाला पोचलो तर राजेश्वरीने मला फाटकातच गाठलं.

"काका, केडगावच्या टीमने आराधनाला बोलावलंय. पाच जानेवारीपर्यंत टीम बदलता येते. ती जाणार असं दिसतंय."

आमच्याकडे दुसरी गोलकीपर नाही. आराधना गेली म्हणजे आम्ही खालच्या गटात गेलो, यात ज्योतिषाला विचारण्यासारखं काही नव्हतं.

"का पण?"

"कारण सांगत नाही. तुम्ही एवढं करा, तुमच्या मित्राला म्हणावं, आज जरा हात सैल सोडा."

पण मी आत जाईपर्यंत शमुवेल हातात करंजी घेऊन उभा राहिला होता. ज्ञानेश्वरीला आठ. स्नेहलला सात, "पळती म्हनून." अंगणात हशा पिकला. मग तो म्हणाला, "आराधना, सहा."

माझं डोकं सटकलं. "अरे, शुद्धीवर आहेस का? राहुरीची पेनल्टी काय मी अडवली?"

"काका, राहू द्या," आराधना म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "पप्पा, मला केडगावने बोलावलंय. जावं म्हणते. तिथे मी कुणाची मुलगी नाही."

शमुवेलच्या हातातली करंजी तशीच राहिली. "घरच्या मानसाला जास्त दिलं तर लोक काय म्हनतील?" तो कसाबसा म्हणाला.

"मामांचा ऊस दोनदा मोजला तरी तेवढाच भरायचा ना, पप्पा? मग माझ्या उड्या कुठे गेल्या?"

शमुवेल खुर्चीत बसला.

"खरं सांगू का?" तो म्हणाला. "मी पाह्यल्याच न्हाईत."

"काय?"

"तुझ्या उड्या. बॉल तुझ्याकडं याया लागला की मी डोळे मिटून प्रार्थना करतो. आपली मानसं वरडली की उघडतो. तवर सगळं झाल्यालं असतं."

स्नेहलने विचारलं, "काका, मग हे सहा कशाचे?"

"गोलकिकचे. बॉल खाली ठिवून मारती तवा डोळे उघडे असत्यात, तेवढ्या बघितल्यात. त्या काय लई चांगल्या न्हाईत."

सगळ्या पोरी पोट धरून हसल्या. राजेश्वरीही हसली. आराधना हसली नाही. आणि मला स्वतःचीच लाज वाटली. तीन वर्षं या माणसाच्या मांडीला मांडी लावून बसलो, पण तो डोळे मिटतो हे मला कळलं नाही. माझं लक्ष बॉलवर.

"का पण, पप्पा?"

"तू आठ वर्षांची हुतीस. पह्यल्यांदा गोलात हुबी राह्यलीस आन् बॉल तोंडावर बसला. रगत आलं. मी पळत आलो, तर म्हनलीस, पप्पा बाहेर व्हा, मॅच चालू हाय." त्याने करंजी ताटलीत ठेवली. "मी बाहेर झालो. पन तवापासनं बघवत न्हाई."

आराधना उठली आणि ताटल्या गोळा करायला लागली. आत जाता जाता दारात थांबली.

"चार तारखेला श्रीरामपूरशी मॅच आहे. डोळे उघडे ठेवून बघा. पाच तारखेला काय ते सांगते."

"आन् प्रार्थना?"

"उघड्या डोळ्यांनी करा. देवाला चालेल."

चार तारखेला मी आयुष्यात पहिल्यांदा मॅच सोडून शमुवेलकडे बघत बसलो. त्याने दोन्ही हातांनी पायरीची कड घट्ट धरली होती. श्रीरामपूरच्या पोरी दणादण मारत होत्या. बॉल आमच्या गोलाकडे आला की त्याचे ओठ हलायचे, पापण्या थरथरायच्या, पण मिटल्या नाहीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं. ते थंडीचं असेल असं मी ठरवून टाकलं.

शेवटची दहा मिनिटं राहिली होती आणि शून्य-शून्य चालू होतं. त्यांच्या एकीने लांबून जोरात मारला, वरच्या कोपऱ्यात. आराधना झेपावली, जमिनीपासून चांगली छातीभर वर, आख्खी आडवी. बोटं बॉलला लागली, पण पुरली नाहीत. गोल झाला.

श्रीरामपूरवाले नाचायला लागले. आमच्या बाजूला सगळे डोक्याला हात लावून बसले. आणि शमुवेल उठून उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. लोक वळून बघू लागले. बाजूचा एकजण म्हणाला, "बाबा, गोल आपल्यावर झालाय."

"कळतंय मला," शमुवेल म्हणाला. टाळ्या काही थांबल्या नाहीत. "गोरक्ष, ती उडती रे. पार आडवी उडती."

मी हेच तीन वर्षं कोकलत होतो.

आम्ही शून्य-एकने हरलो आणि सहाव्या नंबरवर गेलो. मॅच संपल्यावर आराधना हातमोजे काढत पायऱ्यांपाशी आली. गुडघे मातीने भरले होते.

"पप्पा, गोल खाल्ला मी."

"बघितला," शमुवेल म्हणाला. "आख्खा बघितला."

मग बॅगेतून मोबाईल काढून तिने तिथूनच केडगावच्या कोचला फोन लावला.

"सर, मी नाही येत," ती म्हणाली. "इथे माझे पप्पा मॅच बघायला येतात."