बिनशिट्टीचा कुकर

लालबाग, परळ आणि चिंचपोकळीतल्या सगळ्या कुकरांच्या शिट्ट्या एकदम वाजवल्या तर आवाज थेट अलिबागला ऐकू जाईल, आणि त्या एवढ्या गोंगाटात ज्याच्या स्वतःच्या कुकरानं गेल्या पंचेचाळीस वर्षांत एकदाही तोंड उघडलेलं नाही असा माणूस एकच निघेल. तो माझ्या बायकोचा मामा. यात मी तिखटमीठ लावतोय असं ज्यांना वाटेल त्यांनी आमच्या मामांकडे येऊन खात्री करून घ्यावी. फक्त घरी कुकर गॅसवर ठेवून येऊ नये. मामा पहिला प्रश्न तोच विचारतात आणि मग तुम्हाला चहा न घेता परत जावं लागतं.

मामा तरुणपणी गिरणीत बॉयलरवर होते. गिरणी बंद झाली, मामा रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत लागले, तिथूनही निवृत्त झाले, पण बॉयलर काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. कुकर म्हणजे स्वयंपाकघरात कामाला लावलेला धाकटा बॉयलर, असं त्यांचं मत. बॉयलरच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह सुटून वाफ बाहेर पडली, तर याचा अर्थ एकच, खालचा माणूस झोपला होता. असं झालं की गिरणीतला साहेब जिना उतरून यायचा आणि नुसता बघायचा म्हणे. त्या बघण्यानं एका खलाशाचे, म्हणजे बॉयलरवरच्या मदतनिसाचे, केस पंधरा दिवसांत पांढरे झाले, ते मामांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. "शिट्टी म्हणजे काय, जावयबापू?" मामा मला विचारतात. "कुकर बोंबलता, अरे कोण जागो आसा काय हंय? आणि तुमी बसून बोटां मोजतास." चाळीत सकाळी अकराला चौदा खोल्यांतून शिट्ट्या सुरू झाल्या की मामा असा चेहरा करत, जणू चौदा घरांत एकदम पोरं बडवली जातायत. त्यांच्या खोलीतून मात्र चकार शब्द नाही. नव्यानं राहायला आलेल्या शेजारच्या काकूंना वाटलं, या घरात चूलच पेटत नाही. त्यांनी तीन महिने रोज वाटीभर आमटी पाठवली. मामांनी गैरसमज दूर केला नाही. "आमटी बरी असायची," ते मागाहून म्हणाले, "जरा जास्त शिजलेली. चार शिट्ट्या करायची ती."

माझं लग्न ठरलं तेही असंच. मुलीकडची मंडळी आमच्या गिरगावच्या घरी आली. कोणी माझ्या नोकरीची चौकशी केली, कोणी गोत्राची. मामा उठून सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेले. माझ्या आईला वाटलं पाणी हवंय. मामांनी आमच्या कुकराच्या झाकणातली रबराची रिंग काढली, ताणली, हुंगली, उजेडात धरून तिला भेगा पडल्यात का पाहिलं, वाफेच्या नळीत फुंकर मारली आणि बाहेर येऊन भर बैठकीत जाहीर केलं, "पोरगी देवक हरकत नाय. ह्यांच्या घरात रिंग वेळेवर बदलतत." माझ्याकडे त्यांनी त्या दिवशी पाहिल्याचं मला आठवत नाही. रिंग आईनं आदल्याच दिवशी बदलली होती, हे मी आज प्रथमच कबूल करतोय.

साहजिकच, पंचक्रोशीत कोणाच्या मुलीचं लग्न निघालं की संसाराचा कुकर घ्यायला मामांना न्यायचे. लालबागमधला एक भांडीवाला मामांना समोरच्या फुटपाथवर पाहताच भर दुपारी शटर अर्ध्यावर ओढायचा. मामा त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत जायचे. पिशवीतून काचेची गोटी काढायचे. गोटी कुकराच्या बुडात सोडायची. ती मधोमध गोल गोल फिरत राहिली तर बूड खोलगट, बाद. एका कडेला पळाली तर त्याहून बाद. जिथे ठेवली तिथे निमूट बसली तर मग पुढची परीक्षा. झाकण आतून बसणारं की बाहेरून, यावर मामांची मतं ठाम. आतलं झाकण वाफ जितकी वर ढकलेल तितकं घट्ट बसतं, "माणसाचा उलटा आसता," असं ते म्हणत. हँडलचे स्क्रू हलवून बघायचे, सेफ्टी व्हॉल्व्ह नखानं टोकरायचा, आणि चौदावा कुकर उघडला की म्हणायचे, "पयलो दाखव परत." एकदा वैतागून भांडीवाला म्हणाला, "मामा, मुलीचं लग्न मुलाशी आहे की कुकराशी?" मामा शांतपणे म्हणाले, "मुलगो बघूक माका कोणी इचारल्यानी नाय. कुकर तरी नीट होवंदे." मापाच्या बाबतीत तर ते ऐकूनच घेत नसत. चार माणसं असतील तर पाच लिटर, आणि डाळ-कडधान्य कधीही अर्ध्याच्या वर नाही. "वाफेक पाय पसरूक जागा होयी. तिची धा बाय बाराची खोली करू नको," हे त्यांनी लालबागमधल्या निदान दोनशे नवऱ्या मुलींना बजावलं असेल, आणि त्या दोनशेंतल्या एकशे नव्वद जणी दहा बाय बाराच्या खोलीतच नांदल्या.

कुकर लावणं हा तर सोहळाच. आधी नळीतून वाफेची सरळ रेघ निघू द्यायची, मगच वर वजन ठेवायचं. त्याला शिट्टी म्हणायचं नाही, वजन म्हणायचं. वजनानं जरा अंग हलवलं, म्हणजे वाजण्याआधी ते जो एक लहानसा थरकाप घेतं तो घेतला, की गॅस एकदम बारीक. मग मामा आडाळी, म्हणजे त्यांची नारळ खवायची विळी, जमिनीवर मांडून बसतात आणि नारळ खवू लागतात. नारळाची एक वाटी खवून झाली की तूरडाळ शिजली. अख्खा नारळ झाला की छोले. काळे वाटाणे, दीड नारळ. मग गॅस बंद, आणि झाकण आपोआप सुटेपर्यंत हात लावायचा नाही; नळाखाली धरणारा किंवा चमच्यानं वजन उचलणारा माणूस त्यांच्या हिशेबी थेट तुरुंगातला. मामी होत्या तोवर कुकर त्या लावायच्या आणि शास्त्र मामा सांगायचे. मामी गेल्यापासून दोन्ही मामांकडे आलं. एकदा तर चिंचपोकळीच्या एका गल्लीतून चालताना तळमजल्याच्या खोलीत शिट्ट्यांवर शिट्ट्या होताना ऐकून मामा आत शिरले, गॅस बारीक केला आणि बाहेर पडले. त्या घरच्या बाईंना वाटलं गॅसवाल्यांचा माणूस तपासणीला आला, त्या गॅसचं पुस्तक घेऊन कोपऱ्यापर्यंत मागे आल्या. मामांनी पुस्तक पाहिलं, मान डोलावली आणि परत दिलं.

चाळीच्या जागी टॉवर झाला आणि मामा एकोणिसाव्या मजल्यावर गेले. तिथे त्यांच्यावर संकट आलं, ते सुनेच्या माहेरून. वास्तुशांतीला तिच्या आईनं नवा चकचकीत कुकर दिला. सून शहाणी, नोकरी करून घर सांभाळणारी, सासऱ्यांना जीव लावणारी. पण नव्या किचनात कपाटं इतकी की भांड्यांना जागा नाही. त्यातच त्या लालबागच्या भांडीवाल्यानं पाटी लावली, जुना कुकर द्या, नवा तवा न्या. शेवटचा दिवस रविवार.

"बाबा," ती म्हणाली, "हा कुकर तुमच्या लग्नातला. हँडलला तार बांधलीय. उद्या फुटला बिटला तर?"

आयुष्यभर बॉयलर सांभाळलेल्या माणसाला तुझा कुकर फुटेल म्हणणं म्हणजे काय, हे तिला बिचारीला माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मामांनी बिस्किटांचा डबा उघडला, त्यातून जपून ठेवलेली नवी रिंग, नवा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि नवं हँडल काढून कुकराला बसवलं, आणि तो सुनेपुढे ठेवला.

तिनं उलटसुलट करून पाहिला. "रिंग नवी, व्हॉल्व्ह नवा, हँडल नवं. बाबा, मग जुनं काय राहिलं?"

"भांडा," मामा म्हणाले. "आणि मी."

मग त्यांनीच पैज लावली. रविवारी सकाळी दोन्ही कुकरांत सारखेच काळे वाटाणे लावायचे. नवा जिंकला तर मामा स्वतःच्या हातानं जुना कुकर भांडीवाल्याला नेऊन देतील आणि पुन्हा किचनात पाऊल टाकणार नाहीत. जुना जिंकला तर तो ओट्यावर राहील, कपाटात नव्हे. "माझो कुकर तव्यापरीस कमी?" एवढं म्हणून मामांनी मला फोन लावला. जावई म्हणून परीक्षक मी.

आम्ही दोघं पोचलो तेव्हा शनिवारी भिजत घातलेले वाटाणे टम्म फुगले होते. माझ्या बायकोनं वाटीनं मोजून निम्मे निम्मे केले. दोन शेगड्या, दोन कुकर. सुनेनं वजन ठेवलं, "आठ शिट्ट्या," म्हणाली आणि माहेरच्या सवयीनं हॉलमध्ये जाऊन पानं मांडू लागली, कान किचनकडे. मामांनी वाफेची रेघ बघितली, वजन ठेवलं, थरकाप बघितला, गॅस बारीक केला आणि आडाळी मांडली.

आता या टॉवरची एक गंमत सांगतो. तिथे सगळ्या मजल्यांच्या किचनच्या खिडक्या एकाच चिंचोळ्या डक्टमध्ये उघडतात. रविवारी साडेअकरा म्हणजे बावीस मजल्यांवर मटणाची वेळ. डक्टमधून अशा काही शिट्ट्या येऊ लागल्या की व्ही.टी.च्या यार्डात उभं राहिल्यासारखं वाटावं. "तीन," सून हॉलमधून म्हणाली. दारात उभ्या असलेल्या मला दिसत होतं, तिचा कुकर एकदाच वाजला होता. दोन अठराव्या मजल्याच्या होत्या. "पाच... सहा." त्यातली एक आमची. मी मामांकडे पाहिलं. मामा नारळाकडे पाहत होते. त्यांना सगळं कळत होतं, पण गडी पक्का. मीही गप्प राहिलो. परीक्षकानं मध्येच बोलू नये असा नियम आहे, निदान तेव्हा मला तसं वाटलं. "आठ," म्हणत सून आली आणि तिनं आपला गॅस बंद केला. खऱ्या चार झाल्या होत्या. मामांचा अजून अर्धा नारळ बाकी होता. त्यांनी तो सावकाश, करवंटीपर्यंत खवला आणि मग शेगडीकडे हात नेला.

झाकणं सुटली. सुनेचा वाटाणा मी बोटांत दाबला तो निसटून फ्रिजखाली गेला. मामांचा उचलला. साल शाबूत, दिसायला अख्खा, आणि अंगठ्याखाली असा विरघळला की मला क्षणभर वाटलं मी काही उचललंच नाही.

सुनेनं दोन्ही चाखले. मग डक्टकडे कान दिला आणि तिला उमगलं. "म्हणजे मला तुम्ही नाही हरवलंत, बाबा. अठराव्या मजल्यानं हरवलं."

"शिट्टीच्या भरवशार रवलंस तर असांच होतला," मामा म्हणाले.

ती हसली आणि तिनं जुना कुकर ओट्यावर सरकवला. पण मामांचं एवढ्यावर थोडंच भागणार. त्यांनी खवलेल्या नारळाचं वाटप, म्हणजे वाटण, घालून सुनेकडून त्या वाटाण्यांचं सांबारं करवून घेतलं, तेही जुन्या कुकरातच. झाकण लावलं, कुकर काखेत मारला आणि लिफ्टनं खाली उतरले. मागे मी. लिफ्टमध्ये ज्यानं ज्यानं वास घेतला त्यानं त्यानं विचारलं, आणि मामांनी प्रत्येकाला सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. त्यासाठी आम्ही दोनदा तळमजल्यापर्यंत जाऊन परत वर आलो. दुकानात योजनेच्या शेवटच्या दिवसाची गर्दी होती. भांडीवाल्यानं मामांच्या काखेतला जुना कुकर पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांनी त्याचा दिवस आला होता. त्यानं दोन्ही हात पुढे केले. "द्या मामा."

"देवक नाय," मामा म्हणाले. "दाखवक आणलंय." आणि त्यांनी झाकण उघडलं.

वाफ दुकानभर झाली. तवा न्यायला आलेली माणसं पुढे सरकली. भांडीवाल्यानं काउंटरवरचीच एक नवी वाटी पुसून पुढे केली, सांबारं खाल्लं, दुसऱ्यांदा वाटी पुढे केली, आणि मग स्टूल ओढून म्हणाला, "बसा मामा. गोटी आणलीय का? या ताईंना कुकर दाखवायचाय." मामा त्या स्टुलावर असे बसले की गिरणीतल्या साहेबानं बघितलं असतं तर तोच उभा राहिला असता.

घरी येऊन आम्ही जेवलो. हात वाळत आले तरी कोणी उठत नव्हतं. विजयाच्या भरात मामा सुनेला पुन्हा बॉयलरचं शास्त्र सांगत होते. इतकी वर्षं ऐकत आलोय, पण त्या दिवशी मला पहिल्यांदाच शंका आली.

"मामा, गिरणीत बॉयलरपाशी बसून नारळ कोण खवायचं?"

मामांनी पानातला एक वाटाणा इकडून तिकडे केला. मग ते मालवणी सोडून शुद्ध मराठीत बोलू लागले. तसं ते फक्त बँकेत आणि दवाखान्यात बोलतात.

"ते तुमच्या मामीचं. मी रात्रपाळी करून यायचो आणि आडवा व्हायचो. नवीन लग्न झालेलं. पहिल्याच आठवड्यात तिचा कुकर वाजला आणि मी झोपेतून ताडकन उठून उभा राहिलो. वाटलं बॉयलरवर झोपलो, व्हॉल्व्ह सुटला. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे कुकर वाजला नाही."

"आणि नारळ?" सुनेनं विचारलं.

"घड्याळ घरात एकच. ते माझ्या मनगटावर, आणि हात माझ्या डोक्याखाली. ती बघणार कसं? मग तिनं नारळावर बसवलं, किती खवला की काय शिजतं. त्या आवाजाला मला झोप लागायची." मामांनी तो वाटाणा खाल्ला. "बॉयलरचं मी मागाहून लावलं. दोन वर्षांनी माझ्या ध्यानात आलं, आपल्याकडे शिट्टी होत नाही. मला वाटलं माझंच ऐकून शिकली. तिलाच समजावून सांगितलं, शिट्टी का होऊ द्यायची नाही. ती 'बरं' म्हणाली. चाळीस वर्षं 'बरं' म्हणाली. जाण्याच्या आधी एकदा हसत हसत तिनं खरं सांगितलं."

मग ते उठले, हात धुतले आणि पुन्हा मालवणीत सुनेला म्हणाले, "रिंग काढून सुकत ठेव गो."

महिन्याभरानं कुठल्याशा सुट्टीला सकाळी मी सहज त्यांच्याकडे गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. हॉलमध्ये चटईवर मामा गाढ झोपले होते, हात डोक्याखाली, मनगटावर घड्याळ. बाहेर डक्टमध्ये बावीस मजले बोंबलत असणार, पण किचनची खिडकी घट्ट लावलेली होती. आत दोन्ही शेगड्यांवर दोन्ही कुकर, जुना आणि नवा, वजनं नुसती अंग हलवत होती. जमिनीवर आडाळी मांडून सून नारळ खवत होती. मला पाहून तिनं खोबरं लागलेलं बोट ओठांवर ठेवलं.

"बसा," ती हळूच म्हणाली. "अजून अर्धी वाटी आहे."