धोंड्याच्या ताटावरचं इंग्रजी

पिंगळी स्टेशनच्या मालगोदामात मी पोत्यांवर गावांची नावं उठवायचो. नावं इंग्रजीत असत. पत्र्यात अक्षरं कापून साचे केलेले होते. साचा पोत्यावर दाबून धरायचा, वरून काळ्या शाईचा बोळा फिरवायचा, की झालं गाव तयार. कोणता पत्रा कोणत्या गावाचा ते मला नुसत्या आकारावरून कळायचं. पण त्यातलं एखादं अक्षर ओळखून दाखव म्हटलं असतं, तर मी बोळा खाली ठेवून पळून गेलो असतो. निजामाच्या राज्यात मी उर्दूत शिकलो, आणि इंग्रजी सुरू व्हायच्या आतच शाळा सुटली.

सोयरीक जमवणाऱ्यानं सोनपेठला जाऊन माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "पोरगा रेल्वेत हाय. दिवसभर इंग्रजीच लिहितो." तसं बघितलं तर यात खोटं काहीच नव्हतं. पोलीस ॲक्शननंतर उर्दूला कुत्रं विचारीना झालं होतं आणि इंग्रजीवाल्याचा भाव वधारला होता. सासरे किराणा दुकानदार, भाव त्यांना बरोबर कळायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी गप्प राहिलो.

बायकोला मात्र लग्नानंतर महिन्याभरातच कळलं. दवाखान्यातून आणलेल्या बाटलीवर काय लिहिलंय म्हणून तिनं विचारलं, आणि मी ऐटीत ठोकून दिलं, "दोन चमचे, सकाळ-संध्याकाळ." औषध अंगाला चोळायचं होतं. पहिल्याच घोटाला तिनं थुंकून टाकलं म्हणून निभावलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि त्यावर आजतागायत चकार शब्द काढला नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग धोंड्याचा महिना आला आणि सासरहून जेवणाचं बोलावणं आलं. त्या घरात एक रीत होती. जावई पाटावर बसला, ताट वाढलं, की कोडं घालायचं. सुटल्याशिवाय घास उचलायचा नाही. आजवरच्या जावयांना विहिरीची, कणसाची, जात्याची कोडी घातली होती. माझा मेहुणा हैदराबादेत कॉलेजात शिकत होता. तो हातात पाटी घेऊन आला. तीवर त्यानं तीन अक्षरं काढली होती.

"दाजी, तुमाला साधं कोडं कसं घालावं? ए, आर, टी. ही तिन्ही अक्षरं येतील असे पाच इंग्रजी शब्द सांगा, मग जेवा."

दारात साळ्या, शेजारणी, चुलत सासवा उभ्या. सासरे कौतुकानं माझ्या तोंडाकडं बघत होते. पाटीवरच्या तीन रेघोट्यांतून एकही पत्रा मला आठवेना. पुरणाचे धोंडे समोर, वर तूप थिजत चाललेलं, आणि माझ्या कानशिलांतून घाम. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

इतक्यात तूप वाढायला आलेली माझी बायको म्हणाली, "त्यांचे डोळे लय दुखायलेत. चार दिस झाले, अक्षर दिसंना झालंय. सांगू नको म्हनले होते."

सगळं घर हललं. मेहुण्यानं पाटी बाजूला केली. सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत, पदर पुढं ओढून त्या लेकीवरच रागावल्या, "अगं, आधी सांगावं न्हाई का?" आणि आत जाऊन गुलाबपाण्यात भिजवलेली घडी घेऊन आल्या. माझ्या धडधाकट डोळ्यांवर पट्टी बांधली गेली. सासऱ्यांनी माझा हात धरून धोंड्यावर नेला. चाळिशी उलटलेला, सोवळ्यातला तो माणूस मला लेकरासारखं जेवू घालत होता, आणि मी जेवत होतो.

जेवण झालं तरी कोडं मात्र बंद झालं नाही. तोंडाला लागलं होतं ना! माझा जीव रमावा म्हणून मेहुण्यानं ते माझ्याच भोवती चालवलं. "दाजी, तुमी पडून राहा, आमी सांगतो." मार्केट म्हणाला, पार्टी म्हणाला, स्टार्ट म्हणाला. सगळ्यांत धाकट्या मेहुणीला दोनच इयत्ता इंग्रजी झालेलं, तिनं हळूच विचारलं, "ट्रेन चालतंय का?" घर हसलं. "दाजींच्या घरचाच शब्द की!" मीही पट्टीखाली हसलो. इतकं खोटं मी आयुष्यात हसलो नाही.

परतताना एसटीत मी बायकोला म्हटलं, आता खरं सांगून टाकू. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "सांगा. लबाड मी ठरंन, तुमी न्हाई. माहेरात मला तोंड ऱ्हाईल का?"

आठवड्यात निरोप आला की सासूबाईंनी माझ्या डोळ्यांसाठी सोमवार धरलेत. पूजा झाल्यावर हातातलं इष्टलिंग कपाळाला लावून त्या तसं बोलल्याच होत्या, आणि दिवसभर पाण्याशिवाय काही घेत नव्हत्या. मी उलट टपाली डोळे ठणठणीत झाल्याचं कळवलं. सोमवार चालूच राहिले. बायकोनं जाऊन विनवलं. तरी चालूच राहिले. दर सोमवारी गोदामात डबा उघडला की अर्धी भाकरी मी तशीच परत न्यायचो. मी वैतागायचोही, कोणी सांगितलं होतं या बाईला उपास धरायला म्हणून, आणि मग त्या वैतागाची आणखी लाज वाटायची.

बरीच वर्षं गेली. सासूबाई वाळून काटकी झाल्या होत्या. एका सोमवारी आम्ही सोनपेठला होतो. मला जेवायला वाढून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, बसल्या बसल्या त्यांची मान डुलत होती. रीत बाजूला ठेवून मी त्यांच्याशी पहिल्यांदा सरळ बोललो.

"मामी, आता सोडा उपास. माझे डोळे चांगले हायेत."

त्यांनी पदर पुढं घेतला. "चांगले हायेत म्हनूनच धरायलेय," त्या म्हणाल्या. "सोडला अन् परत दुखले म्हंजे?"

आणि भाजीची वाटी माझ्याकडं सरकवली. मी मान खाली घालून जेवलो.