यशोदाफुईची कंबर

यशोदाफुई चालताना डावीकडे झुकते. कमरेवर कुणी बसलंय आणि त्याला सावरायचंय, असं तिचं चालणं आहे. लोखंडी पट्टी फार दिवस भाराखाली राहिली की भार उतरवल्यावरही तिचा बाक जात नाही, हे मी वर्कशॉपमध्ये शिकलो. फुईचा बाक कशाने आला, ते आईने सांगितलं.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावी ती विधवा होऊन माहेरी आली, ती कायमची. मूलबाळ नव्हतं. तिचा सख्खा भाऊ जीवराम वरणगावच्या फॅक्टरीत कामाला होता. त्याची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून नवं बाळ जन्मताच सुपात घातलं आणि नाव सुपडू ठेवलं. सुपडू जगला, पण त्याची आई बाळंतपणाच्या तापात गेली. पोर फुईच्या मांडीवर आलं.

शेळीच्या दुधात कापसाचा बोळा भिजवून तिने त्याला वाढवलं. तो पालथा पडला, बसायला लागला, त्याला दात आला. दर वेळी ती ताटात गूळ-खोबरं घेऊन घरोघरी जायची. आमच्याकडे तो मान फुईचा, म्हणजे आत्याचा असतो. तो पहिल्यांदा "माय" म्हणाला तेही तिलाच. त्या दिवशी मात्र तिने गूळ-खोबरं वाटलं नाही. कुणी ऐकलं तर काय म्हणेल, म्हणून गप्प राहिली.

मग जीवरामकाकाचं दुसरं लग्न झालं. घरातले कर्ते माझे आजोबा. सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं. लग्नाचा मांडव उतरला तेव्हा त्यांनी ओट्यावर बसून सांगून टाकलं, "पोऱ्या पायवर उभा ऱ्हायना का मंग लई जाय." नवी नवरी धुरपदाबाई क्वार्टरात दिवसभर एकटी राहणार, रांगतं पोर तिला झेपायचं नाही, चालतं झालं की न्यावं. बोलणं रास्त होतं. फुईनेही मान हलवली.

त्या दिवसापासून तिने सुपडूचा पाय जमिनीला लागू दिला नाही. पाणी भरायला, शेतात डबा द्यायला, सरपण आणायला, सगळीकडे तो तिच्या डाव्या कमरेवर. माझी आजी भिकुबाई येता-जाता टोमणा मारायची, "यशोदे, कंबरले लटकाडी ठेवस, पोऱ्या चाली कसा?" फुई हसून वेळ मारून न्यायची.

पण पोराचे पाय कुणाचं ऐकतात? दुपारी सगळे शेतात गेले की ती दार लोटून घ्यायची. तिथेच एकदा तो जात्याला धरून उठला आणि खुंटा सोडून तिच्याकडे आला. दोन्ही हात पसरून, तोल जात, हसत. तिने त्याला छातीशी धरलं, फळीवरचा गुळाचा खडा काढून त्याच्या तोंडात घातला आणि पदर तोंडात कोंबून रडली. वाटायला गेली नाही.

पुढे हे रोजचंच झालं. दाराआड तो चालायचा. बाहेर पायरव झाला की ती त्याला झपकन उचलायची. हळूहळू पोरालाही ते कळलं. कुणी आलं की तो आपणहून गुडघे वाकवायचा आणि उचलून घ्यायला हात वर करायचा. गावात बोललं जाऊ लागलं की सुपडूच्या पायात जोर नाही. शेजारणी तेल सुचवत. फुई ते तेल मुकाट्याने चोळायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जीवरामकाका रजा काढून आला. धुरपदाबाईने सुपडूला भुसावळहून लाल बूट आणले होते. आपल्या हातांनी तिने ते घातले आणि काकाने त्याला अंगणात उभं केलं. सुपडूने गुडघे वाकवले, हात वर केले. पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. काकाचा चेहरा बघवेना, असं आई म्हणते. रात्री तो जेवला नाही.

सकाळी कुणीतरी तापीपलीकडच्या म्हाताऱ्याची आठवण काढली. तो गुडघ्यांवर तापल्या लोखंडाचा डाग द्यायचा. त्याने डागलेली पोरं धावतात, असं म्हणत. काका डॉक्टरला दाखवू म्हणाला, पण नाना म्हणाले, हेही करून बघू. शेवटी काकानेच गाडी जुंपली.

सगळं घर निघालं. आखाजीचे दिवस, तापी उतरलेली, वाळूत टरबुजांच्या वाड्या. बायका गाडीत आखाजीची गाणी म्हणत होत्या. पात्रात थांबून भाकरी सोडली. नानांनी टरबूज फोडलं. सुपडू तोंड खुपसून खात होता, रस कोपरापर्यंत ओघळत होता, आणि तो सगळ्यांना आपली फोड दाखवत होता. फुईने घास घेतला नाही. तिच्या मनात काय चाललं होतं, ते तिने नंतर एकट्या आईला सांगितलं. डाग बसला आणि पोर तरीही चाललं नाही, तर ते आपल्याकडेच राहील. एवढं सोसेल का तो? सोसेल. मी फुंकर घालीन, लोणी लावीन. अख्खी नदी ओलांडेपर्यंत ती हेच घोकत होती.

म्हातारा झोपडीपुढे बसला होता. त्याने शेणींच्या निखाऱ्यात विळा खुपसला आणि पोराला घट्ट धरायला सांगितलं. जीवरामकाकाने सुपडूला मांडीवर घेतलं, बूट काढले, गुडघे उघडे केले. धुरपदाबाईने तोंड फिरवलं. सुपडूला वाटलं, कसला तरी खेळ आहे. विळ्याच्या लाल टोकाकडे बोट करून तो फुईला म्हणाला, "माय, दख."

फुई उठली. काकाच्या मांडीवरून पोर ओढून घेतलं, जमिनीवर उभं केलं आणि पाठ न फिरवता मागे सरकत गेली. मग घरात बसायची तशी उकिडवी बसली आणि हात पसरले.

"त्याना पायले काही व्हयेल नही," ती म्हणाली. "त्याले चालता येस."

सुपडूने आधी सगळ्यांकडे पाहिलं. हात वर करू की नको, असं झालं त्याला. मग अनवाणीच तिच्याकडे चालत गेला. अडखळला नाही.

मग बायकांनी एकच कल्ला केला, काकाने पोराला डोक्यावर घेतलं, म्हाताऱ्याने विळा पाण्यात बुडवला. भिकुबाई म्हणाली, डागाच्या भीतीनेच पाय आले. सगळ्यांनी ते मानलं. नाना मात्र फुईकडे बघत राहिले. आईच्या मते त्यांना कळलं होतं. परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले. "सकायनी गाडीमा जीवराम पोऱ्याले लई जाई. तू गूय-खोबरं वाट."

घरी आल्यावर फुईने ताट भरलं. पोर चालायला लागलं की त्याला त्याच्याच पायांनी दारोदार न्यायचं असतं. लाल बूट घालून, तिचं बोट धरून सुपडू निघाला. आधी भाऊबंदांची घरं झाली, मग आळी, मग चावडीकडचा रस्ता. दारोदार बायका म्हणत, चालला बाई एकदाचा, आणि ती हो म्हणायची. दिवे लागले तरी दोघं परतली नाहीत, म्हणून आई बघायला गेली. ज्यांच्याशी आमचं दोन पिढ्या बोलणं नव्हतं त्यांच्या अंगणात फुई उभी होती. ताट रिकामं होतं. दमलेला सुपडू हात वर करून "माय, घे" म्हणत होता, आणि ती त्याला म्हणत होती, अजून एक घर राहिलंय.