त्या दुपारी सगळेच फुलवाल्या काकू झाले

अकोल्यात नोकरी लागली तेव्हा ऑफिसात मी एकटीच अमरावतीची होते. त्यामुळे पंखा घरघरला, चहा पातळ झाला, काहीही बिघडलं तरी "अमरावतीवालीले विचारा" असं म्हणायची तिथे पद्धत पडून गेली होती. ऑफिस म्हणजे जुन्या शहरात भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. आम्ही सहा जण, लोकांना वेबसाइट बनवून द्यायचो. साहेब पन्नाशीचे, मूळचे बाळापूरचे. रागावायचं असलं की ते आवाज चढवत नसत, उलट कौतुक करत. त्यांनी कौतुक सुरू केलं की आम्ही सावध व्हायचो.

माझं पहिलं स्वतंत्र काम होतं पातूर रोडवरच्या भाजीवाल्यांचं. त्या बाजूच्या गावांत भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या लोकांचा एक गट होता. एक टेम्पो सकाळी त्यांच्या घरोघरी फिरून माल बाजारात आणायचा. कोणाकडे किती माल आहे हे आदल्या दिवशी सगळे टेम्पोवाल्याला फोन करून सांगत. तो ते गाडी चालवता चालवता ऐके आणि निम्मं विसरे. म्हणून त्यांना फोनवर उघडणारी एक साइट हवी होती. दुपारी आपलं नाव आणि परवलीचा आकडा टाकून आत यायचं, उद्याचा माल लिहायचा. संध्याकाळी टेम्पोवाल्याला यादी जाणार, सकाळी टेम्पो दारात.

अशा कामात गोम एकच असते. सर्व्हरला, म्हणजे साइट ज्या कॉम्प्युटरवर असते त्याला, तुमची ओळख राहत नाही. तुम्ही एक पान उघडून पुढचं बटण दाबता, तेवढ्यात तो तुम्हाला विसरलेला असतो. म्हणून पहिल्यांदा नाव सांगितलं की तो तुमच्या फोनला खुणेचा एक लांबलचक आकडा देतो आणि आपल्याकडे नोंद करतो की हा आकडा या माणसाचा. पुढे दर वेळी फोन तो आकडा दाखवतो, सर्व्हर नोंद बघतो आणि ओळखतो. याला आमच्यात सेशन म्हणतात. कॉलेजच्या परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती.

कामातही मी ते नीट केलं होतं. पण शेवटच्या दोन दिवसांत, सगळं जरा भरभर उघडावं म्हणून, एक शहाणपणा केला. आत कोण आलं हे एकदा कळलं की ते सर्व्हरवर एका जागी लिहून ठेवायचं, म्हणजे दर वेळी नोंदीत शोधायला नको. ती जागा रिकामी असेल तरच फोनने दाखवलेला आकडा बघायचा. माझ्या टेबलावर हे सुरेख चाललं. चालणारच, आत येणारी मी एकटीच होते. ती जागा सगळ्यांना मिळून एकच आहे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी आत आल्या त्या शेवंती आणि झेंडू लावणाऱ्या एक काकू. फुलांचं काम सकाळीच उरकतं, त्यामुळे अकरालाच त्या मोकळ्या होत्या. पान त्यांचं नाव घेऊन म्हणालं, नमस्कार. त्यांनी तीन करंड्या शेवंती लिहिली आणि फोन ठेवून दिला.

साडेबाराला पहिला फोन आला. वांगी लावणारे एक काका होते.

"म्याडम, मले काई न इचारताच माह्या पानावर बाईचं नाव काहून येऊन राहिलं?"

मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "काका, घरातल्या कोणी आधी उघडलं असेल."

"घरात बायको आहे. तिचं नाव मले मालूम आहे. हे तिचं नाव नाई. आन् पान पयले तिनंच पायलं."

मागून आवाज आला, "इचारा, इचारा. कोन आहे ते इचारा."

"काका, एकदा बंद करून पुन्हा उघडा." आमच्या धंद्यात कुठल्याही दुखण्यावर पहिलं औषध हेच. त्यांनी बंद केलं, उघडलं. बाई तिथेच होत्या.

"नाव फक्त वर दिसतंय," मी म्हटलं. "खाली माल बरोबर लिहिला जाईल. तुम्ही भरा." मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी वांगी भरली. मग मेथीवाल्यांचा फोन आला, मग पालकवाल्यांचा. मी सगळ्यांना तेच सांगत राहिले. तिसऱ्या फोनपर्यंत तर मला ते इतकं पाठ झालं की त्यावर विश्वासही बसला.

संध्याकाळी यादीत एकोणीस नोंदी होत्या. गटात लोकही एकोणीस. मी आकडा बघितला, नावांच्या रकान्याकडे बघितलंच नाही. साहेबांनी खालून कचोऱ्या मागवल्या आणि म्हणाले, "अमरावतीची पोट्टी, पन काम केलं बाप्पा." मी दोन कचोऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला साहेबांचा फोन.

"लय चालली तुही साइट. इतली चालली का एकाच घरी जाऊन थांबली."

"म्हणजे?"

"काल एकोनीस जन होते ना? आज एकच आहे. बाकीचे अठरा तिच्यात गेले."

झालं होतं असं. टेम्पोवाल्याच्या यादीत एकोणीस तऱ्हेचा माल होता, पण घर एकच. तो सहा वाजता फुलवाल्या काकूंच्या अंगणात गाडी लावून उभा राहिला आणि म्हणाला, काढा वांगे, काढा मेथी, सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या किती आहेत? काकूंकडे तीन करंड्या शेवंती. त्याला वाटलं, बाकीच्यांनी आपला माल इथेच आणून ठेवला असेल, म्हणून तो बिचारा घरामागे जाऊन बघून आला. तिकडे अठरा घरी लोक पोती बांधून रस्त्याकडे बघत बसलेले.

यादी काकूंनी त्याच्या हातातून घेतली. मालावरून माणसं ओळखायला त्यांना काहीच कष्ट पडले नाहीत. इतकी वांगी एकाच्याच वावरात निघतात. मेथी अमक्याची, पालक तमक्याच्या बायकोचा, कारली त्या नाल्याकडच्या दोघा भावांची. त्या टेम्पोत पुढे बसल्या आणि घर दाखवत अठराही ठिकाणी फिरल्या. माल बाजारात तासभर उशिरा पोचला, पण पोचला.

ऑफिसात गेल्या गेल्या चूक सापडली. ती एक जागा, आणि तिच्यात काकांच्या घरात भांडण लावणारं ते नाव. मी स्वच्छतागृहात जाऊन थोडं रडून घेतलं. बाहेर आले तर साहेब गाडीची किल्ली घेऊन उभे. "चाल. त्या बाईची माफी तं मागा लागन."

काकू अंगणात फुलांच्या करंड्या धूत होत्या. साठीच्या असाव्यात.

"तूच का वं ते कंपुटरवाली?"

"हो काकू."

"बैस. पाहू दे मले तुले." मग आत हाक मारून सुनेला बोलावलं. "हे पाय, हिनं मले एका दुपारी वांगे लावून देल्ले, मेथी लावून देल्ली, कारले लावून देल्ले. चाळीस वर्सात आमच्या मालकाच्यानं झालं नाई."

मी बोलणी खायच्या तयारीने गेले होते. हसण्याची तयारी नव्हती. चहा झाला, मग त्यांनी विचारलं, नेमकं झालं काय? मी जमेल तसं सांगितलं. सर्व्हर, आकडा, नोंद, ती एक जागा.

"म्हंजे दारावर बसनारानं पयले मले पायलं," काकू म्हणाल्या, "आन् मंग डोये मिटून घेतले. जो येईन त्याले म्हने, या काकू."

"हो."

"मंग डोये मिटले काहून त्यानं?"

"मीच सांगितलं होतं. घाई होती."

साहेब भिंतीकडे तोंड करून हसत होते. काकू मात्र थांबल्या आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "एक सांग. त्या सगळ्याईले माह्या पानावरचं सारं दिसलं का?"

दिसलं होतं. त्यांचा फोन नंबर, पत्ता, किती शेवंती, सगळं. मी हो म्हटलं.

"फुलंच होते म्हून बरं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा करंडी धुवायला लागल्या. त्या दिवशी मला कोणी रागावलं असेल तर एवढंच, आणि तेही आवाज न चढवता.

परत आल्यावर मी ती जागा काढून टाकली. दर वेळी फोनचा आकडा बघायचा, दर वेळी नोंद तपासायची, उशीर झाला तर होऊ दे. मग ऑफिसातल्या सहाही जणांना सहा फोन घेऊन एकदम बसवलं. साहेबांनी वांगीवाले व्हायचा हट्ट धरला आणि आपल्या पानावर पुन्हा पुन्हा नाव वाचून म्हणत राहिले, "मी मीच आहे. आतापरेंत तरी मीच आहे." मी वांगीवाल्या काकांना फोन करून त्यांच्या बायकोशीही बोलले. चूक माझी होती, त्या बाई साठीच्या आहेत आणि फुलं विकतात, हे तिला दोनदा सांगावं लागलं. वय ऐकल्यावर तिचा आवाज मऊ झाला.

आठवड्याने कळलं की काकूंचा फोन सूनही वापरते. सून त्याच आठवड्यात गटात वेगळ्या नावाने आली होती, कारण परसातला नवा पालक तिचा. सासू साइटवर आत आली आणि बाहेर न पडताच फोन ठेवून गेली की सून सासूच्या नावावर पालक लिहून मोकळी. या वेळी सर्व्हरची चूक नव्हती. फोन एकच, तो एकच आकडा दाखवणार. बाहेर पडायचं बटण मी दिलं होतं, पण ते कोपऱ्यात, बारीक, आणि इंग्रजीत. ते काढून खाली मोठ्ठं बटण केलं: माझं झालं, दुसऱ्याले द्या. साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, "हे अमरावतीची भाषा आहे का अकोल्याची?"

त्या उन्हाळ्यात काकू लग्नाच्या खरेदीला अकोल्यात आल्या, तेव्हा जिना चढून थेट ऑफिसात आल्या. त्यांना सर्व्हर बघायचा होता.

"काकू, तो इथं नसतो. दुसऱ्या शहरात असतो. आपण भाड्यानं घेतलाय."

"तू पायला का त्याले?"

"नाही."

"साहेबानं?"

साहेबांनीही मान हलवली. काकूंनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं.

"कोनंच पायला नाई," त्या म्हणाल्या, "आन् त्याच्या भरोशावर आमचा टेम्पो."

मग पंख्याखाली बसून पाणी प्यायल्या. चष्मा घरी राहिला होता, म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि उद्याचा झेंडू लिहायला सांगितला. दोन करंड्या. मी दोनच लिहिल्या का, हे त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या मुलीकडून वाचून घेतलं आणि मगच जिना उतरल्या.